पाय तू आपटला होतास, दादा

दादा, मशीनच्या चाकावरचं तुझं रक्त मी पुसलं नाही, वहिनीनं पुसलं. घासलेटात चिंधी बुडवून तिनं खाचाखाचांतून ते काढलं. रक्त राहिलं की लोखंडाला गंज धरतो, हे तिला या घरात सून म्हणून आल्या आल्या शिकवलं होतं. मी ओट्यावर बसून बघत होते. मला रडू येत नव्हतं, तुझा राग येत होता. अजून येतोय.

तेराव्याला सगळी भावकी जमली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं चाललं होतं. कोणी म्हणालं, देवमाणूस होता. कोणी म्हणालं, मुंगीलासुद्धा दुखवलं नाही कधी. तेव्हा मी वहिनीकडे बघितलं आणि वहिनीनं माझ्याकडे. मुंगीला न दुखवणाऱ्या माणसानं बायकोचा उजवा कान एका थपडेत कायमचा बंद केला होता. कोणी बोलायला लागलं की ती डावा कान पुढे करते, हे त्या मंडळींनी जेवताना पाहिलंच असेल. म्हणून ठरवलं, आपण खरं ते लिहावं. तुला आवडणार नाही, पण आता तू माझ्या हातातला कागद ओढून फाडू शकत नाहीस.

मशीन आजोबांच्या वेळचं. संस्थानच्या पागेसाठी विलायतेहून आलं होतं, घोड्यांची जीन आणि साज शिवायला. पागेत नवं यंत्र आलं तेव्हा हे जुनं आजोबांना बक्षीस मिळालं आणि बैलगाडीतून इंदूरच्या छत्रीबागेत, आपल्या घरी आलं. मग संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला आणि मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली. आपल्या गल्लीत एवढाच फरक पडला की घोडे कमी झाले. जीन शिवणारे आपण टांग्यांचे साज शिवायला लागलो, मग कापड गिरण्यांचे जाड चामडी पट्टे. मशीनला त्याचं काही नव्हतं. म्हशीच्या चामड्याचे चार थर दिले तरी ते मुकाट्यानं शिवायचं.

पण ते एकट्याचं मशीन नव्हे. चाक इतकं जड की एकानं दोन्ही हातांनी फिरवायचं आणि दुसऱ्यानं सुईसमोर बसून चामडं सरकवायचं. सरकवणाऱ्याच्या दातांत मेणाचा दोरा, त्याला बोलता येत नाही. म्हणून तो फरशीवर पाय आपटतो. पाय वाजला की चाक फिरवायचं, पुन्हा वाजला की थांबवायचं. बोटं सुईपाशी असतात, तेव्हा चाकावरचा माणूस चुकला की सरकवणाऱ्याचं बोट गेलंच.

बाबांनी मला चाकावर बसवलं तेव्हा मी परकर नेसत होते. तू सुईसमोर, मी चाकावर आणि बाबा मागे चामड्याची वादी घेऊन उभे. हात उशिरा हलला की पाठीवर वादी, लवकर हलला तरी वादी. विचार करायला तुला इथं बसवलं नाही, असं ते म्हणायचे. होता होता माझा हात पायाच्या आवाजाला असा बांधला गेला की शेजारी कुणी पाटा आपटला तरी माझं मनगट हलायचं. मला वळ उठले की तू तोंडातल्या दोऱ्यासकट हसायचास आणि मग मागच्या अंगणात नेऊन त्यावर खोबरेल लावायचास. लावताना पुन्हा चिमटे काढायचास ते वेगळंच. आईनं माझं नाव शांता ठेवलं, कारण मी जन्मले तेव्हा रडले नव्हते. तू म्हणायचास, तेव्हाचं सगळं आता व्याजासकट काढतेय.

मानपूरला मला दिलं. आग्रा रोडवर माझ्या नवऱ्याचा ट्रकवाल्यांसाठी ढाबा होता. माणूस कसा आहे ते बाबांनी पाहिलं नाही, ढाबा चालतोय एवढं पाहिलं. त्यानं मला पळीनं मारलं, जळत्या लाकडानं मारलं. बाबा गेले तेव्हा मी आले, तर तू मला क्रियाकर्म झाल्यावर स्वतः पोचवून आलास. पुढच्या खेपेला त्यानं तापलेला चिमटा दंडावर ठेवला. त्या दिवशी मी एका सरदारजींच्या ट्रकमध्ये बसून इंदूरला आले. तू दंड पाहिलास आणि म्हणालास, आलीच आहेस तर चाकावर बस, टांग्याचा साज अडकलाय.

तो साज मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. छातीपट्ट्याची कड दुमडली होती. मी चाक थांबवून बसले होते आणि तू सुईखाली बोट घालून ती कड सरळ करत होतास. दोरा तोंडातून काढून तू बोलायला लागलास.

"बहुत हो गया तमाशा, शांते. उद्याच्या बसनं मानपूरला जाशील."

"नाही जाणार."

"जाशील," म्हणून तू रागानं पाय आपटलास.

पाय वाजला आणि मी चाक फिरवलं.

सुई तुझ्या डाव्या तर्जनीच्या नखातून शिरली आणि बोटाला पार करून खालच्या चामड्यात गेली. तू ओरडला नाहीस. तोंड मात्र पांढरं फटक पडलं. उलटं फिरव, एवढंच म्हणालास. मी उलटं फिरवलं. सुई वर आली, दोरा बोटातच राहिला. वहिनीनं तो चामडं कापायच्या रापीनं कापला आणि हळदीत बोट बुडवलं. साजाच्या छातीपट्ट्यावर रक्ताचं थारोळं झालं होतं. तू ते चामडं फेकून दिलं नाहीस, धुऊन वापरलंस.

त्या बोटावरून आपण जन्मभर भांडलो. तू म्हणायचास, जाणूनबुजून फिरवलंस. मी म्हणायचे, पाय कोणी आपटला होता? दिवाळीला भांडलो, वहिनीच्या माहेरच्या लग्नात भांडलो, एकदा तर स्मशानातून परत येऊन अंघोळ करायच्या आधी भांडलो. खरं तेच मी दर वेळी सांगितलं. हात माझ्या मनाच्या आधी हलला, तुमच्याच वादीनं तो तसा केला होता. मग पुढचं खरं आज सांगते, जे तू कधी विचारलं नाहीस. सुई आत होती, तू माझ्याकडे बघत होतास आणि मला वाईट वाटलं नाही. एका क्षणापुरतं मला वाटलं, आता कळलं असेल. त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आजही मागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला चिंध्या गुंडाळून तू बाहेर पडलास. पिशवीत चामडं ठोकायची लाकडी मोगरी होती. कुठे चाललास ते वहिनीला सांगितलं नाहीस, मला तर नाहीच. पुढचं मला त्या सरदारजींकडून कळलं. ते त्याच वेळी ढाब्यावर चहा पीत बसले होते. तू आत गेलास, माझ्या नवऱ्याला भट्टीजवळून ओढून रस्त्यावर आणलंस आणि मोगरीनं त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलास. त्याच्या भावानं तुला मागून धरलं तर त्याचंही नाक फोडलंस. तुझा एक दात तिथेच पडला. इतकं झाल्यावर तू आत जाऊन माझी पत्र्याची पेटी शोधून काढलीस, खांद्यावर घेतलीस आणि बस येईपर्यंत ढाब्यासमोरच उभा राहिलास. कुणी जवळ आलं नाही.

घरी येऊन पेटी आदळलीस आणि मला म्हणालास, "आता पुन्हा मानपूरचं नाव काढू नकोस." जसं काही मीच जायचं म्हणत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला हसू आलं, मग ते रडण्यात गेलं आणि तू, बायकांना नुसतं रडता येतं, असं म्हणून नळावर तोंड धुवायला निघून गेलास. एका दिवसात तुझं मन कशानं फिरलं, ते मी कधी विचारलं नाही. तू सांगितलंही नसतंस.

बोट बरं झालं पण वाकेना. ताठ बोटानं चामडं सरकवता येत नाही. मग आपण जागा बदलल्या, मी सुईसमोर आणि तू चाकावर. पहिल्या दिवशी दोरा दातांत धरला आणि पाय आपटायच्या आधी तुझ्या हातांकडे बघितलं. माझी दहा बोटं सुईपाशी आणि चाक तुझ्या हातात. तुला हिशेब चुकता करायचा असता तर कोण अडवणार होतं? वहिनी दारात उभी राहून बघत होती, तिच्याही मनात तेच होतं. मी पाय वाजवला, तू चाक फिरवलंस. पुन्हा वाजवला, तू थांबवलंस.

इतकी वर्षं त्या जागी बसले. तू पिऊन आलास, वहिनीला मारून आलास, गिरणीच्या माणसाशी हाणामारी करून कपाळ फोडून घेऊन आलास, आपण सकाळपासून एकमेकांना शिव्या घालत असू. पण चाकावर बसलास की तुझा हात एकदाही चुकला नाही. माझ्या बोटांवर मेणाचे काळे चरे आहेत, दोऱ्यानं कापल्याच्या खुणा आहेत. सुईची खूण एकही नाही. तुझ्याबद्दल कृतज्ञता म्हणून मला जे वाटतं ते एवढंच आहे आणि ते थोडं नाही.

मग मी मशीन मागितलं तर काय चुकलं माझं?

आपल्या घरात मशीन कसं पुढे जातं ते तुला मी सांगायला नको. खंडे नवमीला हत्यारं मांडायची, मशीनला हार घालायचा, घरच्या वडील माणसानं रापीच्या एका घावात कोहळा कापायचा. कोहळ्यात कुंकू कालवून ते लाल पाणी चाकाला लावायचं आणि ज्याला मशीन द्यायचं त्याच्या कपाळाला लावायचं. आजोबांनी बाबांना लावलं, बाबांनी तुला. तुला मूल झालं नाही. एका नवमीला तू कोहळा कापलास आणि चाकाला बोटं लावलीस, तेव्हा मी पुढे होऊन बसले. म्हटलं, दादा, मला लाव, शिवते तर मीच.

तू म्हणालास, बाईच्या हातात पागेचं यंत्र देत नसतात. शिवाय तुझं नाव मानपूरवाल्याचं, मशीन घराण्याबाहेर जाईल.

"मग त्याचा हात कशाला मोडलास?" मी म्हणाले. "घराण्यातला होता म्हणून?"

तू हातातली रापी माझ्यावर फेकलीस. ती माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतली. कोहळ्याचं लाल पाणी चौकटीवरून ओघळलं. वहिनी उठली, दोन्ही हातांनी ती रापी उपटून काढली आणि ताटं वाढायला घेतली. आपण जेवलो. तू मला दुसरी पुरी वाढायला सांगितलीस. त्यानंतर दर नवमीला मी समोर बसायचे आणि तू फक्त चाकाला लावून बोटं धोतराला पुसायचास. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तुझाही आणि माझाही.

मारुतीला मात्र एका लग्नाच्या मांडवात, पोटात दारू असताना, तू शब्द देऊन बसलास. आपला चुलतभाऊ, भंवरकुआंकडे पेट्या आणि पिशव्यांचा कारखाना काढलेला, मुलगा असलेला. घेऊन जा मशीन, तुझंच आहे, असं सगळ्यांदेखत म्हणालास. तो विसरला नाही. या उन्हाळ्यात हातठेला आणि दोन हमाल घेऊन दारात आला.

त्या सकाळचं मी तुला सोडणार नाही. तू खाटेवर बसून राहिलास. मी ओरडले, तू गप्प. हमालांनी मशीन उचललं, तू गप्प. मी एका हमालाच्या दंडाला चावले, त्यानं मला झटकलं, माझं डोकं भिंतीवर आपटलं, तरी तू खाटेवरच. मग उंबऱ्याशी मारुती सहज तुला म्हणाला, "भिया, आता ह्याला बिजली की मोटर लावून टाकतो. फिर चाकावर कोणी बसायची जरूरतच नाही."

तू उठलास.

"मोटरला पाय कळतो का रे?" एवढं म्हणून तू मोगरी घेतलीस.

पहिला घाव हमालाच्या खांद्यावर बसला. दुसरा मारुतीच्या कोपरावर. तो कळवळून तुझ्या छातीवर धावला. तू मोगरी टाकून दोन्ही हातांनी चाक धरलंस आणि मागे ओढायला लागलास. वयाच्या साठीत, पोटाला अन्न नसताना, तू एका बाजूला आणि तीन माणसं एका बाजूला. हमालाचा हात सुटला. मशीन ओट्याच्या पायऱ्यांवरून तुझ्यासकट खाली आलं आणि तुझ्या छातीवर पडलं. चाकाच्या कडेनं कपाळ फुटलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. तसा आवाज मला आधी माहीत नव्हता, आता विसरता येत नाही.

मारुती वाईट माणूस नाही. ज्या ठेल्यावर मशीन न्यायला आला होता त्याच ठेल्यावर त्यानं तुला घातलं आणि मोडक्या कोपरानं ढकलत, रडत दवाखान्यात नेलं. पोलीस आले तेव्हा तू म्हणालास, मशीन हलवताना निसटलं. तेवढ्यापुरता तू मोठा भाऊ झालास.

दवाखान्यात भावकी खाटेभोवती उभी होती. मी सगळ्यांसमोर विचारलं. लाज सोडून विचारलं, दादा, यांच्यादेखत सांग, मशीन कुणाचं? वहिनीनं डावा कान पुढे केला. तू माझ्याकडे बघितलंस, मारुतीकडे बघितलंस आणि मान भिंतीकडे वळवलीस.

सगळे गेल्यावर तू मला हाक मारलीस. मी वाकले. मला वाटलं, आता सांगशील.

"खरं सांग शांते," तू म्हणालास, "तेव्हा मुद्दाम फिरवलंस ना?"

"पाय कोणी आपटला होता?"

तू हसलास. हसताना तोंडातून रक्त आलं. मी पदरानं पुसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तेरावं झाल्यावर मारुती परत आला. डोकं भादरलेलं, हात गळ्यात बांधलेला, मान खाली. बरोबर भावकीतले दोन म्हातारे. शब्द दिला होता हे खरं, ते म्हणाले. शांताबाईला कुंकू लावलं नव्हतं हेही खरं. रिवाज काय, ते तुलाच ठाऊक आहे, बाई. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मी सुईसमोर बसले होते. गिरणीचा पट्टा अर्धा शिवून पडला होता. चाकावर वहिनी होती. तिला तू आयुष्यात चाकाला हात लावू दिला नव्हतास. तिनं पायातली चप्पल काढून ठेवली होती. चाकाच्या आवाजात एका कानाला पाय ऐकू येत नाही तर तळव्याला कळेल, असं तिनंच शोधून काढलं होतं. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं होतं.

मारुती पुढे आला आणि त्यानं चांगला हात मशीनच्या दांडीखाली, अगदी सुईपाशी ठेवला, उचलायला ठेवतात तसा. "ताई, उठ," तो म्हणाला. "भियाचा शब्द आहे."

मी दातांत दोरा धरला आणि पाय आपटला.

वहिनीनं चाक फिरवलं. जोरात फिरवलं. सुई त्याच्या अंगठ्याजवळ चामड्यात घुसली. मारुतीनं हात काढून घेतला. मी थांबायचा पाय वाजवला नाही, वहिनी थांबली नाही. टाके वेडेवाकडे पडत होते, पट्टा तिरपा जात होता आणि आम्ही दोघी शिवत होतो. म्हाताऱ्यांपैकी एकजण काहीतरी बोलला, ते मला चाकाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. वहिनी घामानं भिजली होती. "वन्सं, थांबू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, थांब, हा सगळा उसवायचा आहे.

मशीन आता माझं आहे, दादा. भावकी म्हणते, चोरलं. म्हणू दे. तू ते मला दिलं नाहीस, मी घेतलं. तुझ्या हातून मिळालं असतं तर मला जास्त आवडलं असतं.